चतुर्थीच्या कुपनांचे पैसे पोराच्या मुंबईच्या फेऱ्यांना द्यावेत का?

डिचोलीचो_मनीस: आमच्या वाड्यावर एक पायलट आहे (गोव्याबाहेरच्यांसाठी, विमानाचा नव्हे, मोटरसायकल टॅक्सीचा). त्याचा पोरगा ९ वर्षांचा, ब्लड कॅन्सर, एकदा बरा झालेला तो परत उलटला. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून मुंबईला पाठवलं, तिथे नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये घेतलाय. औषध फुकट, तपासण्या फुकट, पण जाणं-येणं, राहणं घरचं आणि बाप तिथे असेल तितके दिवस इथे बाईक उभी. मंडळाच्या लकी ड्रॉतून दर वर्षी उरतं त्यात शेवटच्या रात्री ऑर्केस्ट्रा होतो. मी म्हटलं यंदा ऑर्केस्ट्रा नको, ते पैसे ह्यांना द्या. मीटिंगमधून दोघे उठून गेले. बोला.

साखळी_बाजार: विरोध. पोराचं वाईट वाटतंच हो, पण कुपन घेणारा गणपतीच्या नावाने पैसे देतो, तुमच्या मनात आलं म्हणून वळवता येत नाहीत. उद्या किडनीवाला येईल, परवा अपघातवाला, कोणाकोणाला नाही म्हणणार? आणि प्रवास प्रवास काय लावलंय, रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसी पूर्ण माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सूट. वर ही ट्रायल! पहिल्या फेजमध्ये तर औषध किती झेपतं एवढंच बघतात. बरं होईल ह्याची गॅरंटी कोण देतो?

घुमट: ऑर्केस्ट्रावाला चांगला गाईल ह्याची गॅरंटी कोण देतो बाबा 😀

वॉर्ड_नर्स: साखळीवाले, सवलत आहे हे खरंच आहे, पण ती सोबतच्या एकालाच, आणि डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म घेऊन खिडकीवर जावं लागतं, सीट असेल तर. खरा खर्च तिकिटाचा नाहीच. औषध दिलं की काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) पडतात, त्या दिवसांत पोराला ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक लागलं पाहिजे. थिवीला रात्री कोकणकन्या पकडून सकाळी सीएसएमटीला उतरेपर्यंत काय होईल ते मी लिहीत नाही. म्हणून हॉस्पिटल सांगतं जवळच राहा, आणि जवळ म्हणजे परळ-दादरकडे, आठवडेच्या आठवडे. पेशंटांना राहायला परळला नाना पालकर आहे, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या मुलांसाठी सेंट ज्यूडची फुकट घरं आहेत, सगळीकडे आधी अर्ज करा, पण हवी तेव्हा जागा मिळेलच असं नाही. मग भाड्याची खोली, आणि जेवण वेगळं, कारण बाहेरचं चालत नाही, स्टोव्हवर उकळलेलं पाणी आणि ताजा भातच. गोवा सरकारचं दीनदयाळ विमा कार्ड हॉस्पिटलच्या बिलाला आहे, परळच्या खोलीला नाही.

साखळी_बाजार: मग ट्रायल घेणाऱ्या कंपनीने द्यावेत ना? पोर त्यांच्या कामाला येतंय.

वॉर्ड_नर्स: द्यायला हरकत काहीच नाही, आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरीसुद्धा देता येते असं आहे. पण 'देता येते' म्हणजे दिलीच असं नसतं. संमतीच्या कागदात काय लिहिलंय ते आधी वाचा, मग मंडळाकडे या. आणि सीटीआरआयच्या, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीच्या, साइटवर ट्रायल बघा, फेज कळेल. औषधाचेच पैसे मागत असतील तर ट्रायल नव्हे ती, तिथे दमडी देऊ नका. स्टेम सेलच्या नावाने हे धंदे चालतात.

डिचोलीचो_मनीस: बघितलं, फेज २ आहे, म्हणजे औषध उपयोगी पडतं का ते बघायची. प्रवासखर्च फक्त ठरलेल्या व्हिजिटचा, तोही नंतर, बिलं दाखवून. राहण्याचं काही नाही.

माटोळी: मी मदतीच्या बाजूने आहे तरी मंडळाने देऊ नये म्हणते. ट्रायलमधून कधीही बाहेर पडायचा हक्क असतो, ७ वर्षांवरच्या पोरालासुद्धा तोंडी का होईना विचारावं लागतं. आता समजा गावाने ऑर्केस्ट्रा रद्द करून पैसे दिलेत, मांडवात फ्लेक्स लागलाय पोराच्या फोटोचा, आणि महिन्याभराने पोर म्हणालं मला सुई नको घरी चला. बाप कुठल्या तोंडाने परत येणार? येताजाता लोक विचारणार, काय रे एवढे पैसे दिले ते गेले कुठे. आपला गाव मला माहीत आहे.

घुमट: हे मात्र पटलं. फ्लेक्स तर होणारच, वर आमदाराचा फोटो पोरापेक्षा मोठा.

डिचोलीचो_मनीस: मग असं करू, फोटो नाही, नाव नाही, आरतीनंतर माइकवरून सत्कारही नाही. खोलीचं भाडं महिन्याच्या महिन्याला थेट मालकाला, बापाला रोजचं थोडं हातात. बाहेर पडले तर त्या महिन्यापासून बंद, मागचं काही विचारायचं नाही. परत यायचं तिकीटसुद्धा मंडळाचंच.

साखळी_बाजार: 'मागचं विचारायचं नाही' हे ऑडिटमध्ये कसं लिहिणार? सोसायटी रजिस्टर आहे आपली, खजिनदार मी आहे, सही माझी जाते. कुपन विकली जाण्याआधी त्यावर छापा की इतका भाग आजारी मुलाच्या मदतीला, मग माझा काही वाद नाही. गुपचूप नको.

माटोळी: वाड्यात आजारी मूल एकच आहे, छापलं की नाव छापल्यासारखंच.

साखळी_बाजार: मग 'वैद्यकीय मदत' एवढंच छापा. पण मग किडनीवाला आला की त्यालाही द्यावं लागेल, आणि तेव्हा मला विचारू नका.

डिचोलीचो_मनीस: द्यावं लागलं तर देऊ. कुपनं अजून प्रेसला गेलेली नाहीत, उद्याच मजकूर बदलून देतो. ऑर्केस्ट्रावाल्याला ॲडव्हान्स कोणी दिलाय का ते तेवढं सांगा.