मदत हवी आहे : राग आवरायला मराठीतून शिकवणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत कामाला. गेल्या रविवारी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून मी ताट भिरकावलं. बायकोला लागलं नाही, पण ६ वर्षांची लेक तिच्या पदराआड गेली आणि माझ्याकडं बघेना. वडील घरात शिरले की मीही असाच चुलीमागं लपायचो.

दारू पीत नाही, तेव्हा तो बहाणाही नाही. कामावर साहेब कितीही बोलला तरी मी गप्प बसतो. म्हणजे आवरता येतं, घरात मी आवरत नाही.

बायको सध्या माहेरी, चंदगडला. परत ये म्हणून मी हट्ट धरणार नाही. महिलांसाठीचा १८१ नंबर मीच तिला दिलाय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर एकदा बोललो, छाती हलकी झाली. पण समोर बसून, नेमानं बोलायचंय. धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत, जायची तयारी आहे, पण माझं कन्नड कामापुरतंच. तिथं मराठीतून बोलता येतं का? बेळगाव-निपाणीकडं असं समुपदेशन कुणी करतं का? आणि यातून गेलेल्यांनी सांगा, डोकं तापलं त्या क्षणी तुम्ही नेमकं काय केलंत?