पाण्याचे शास्त्र ठाऊक असूनही मराठवाड्याची तहान का भागत नाही?

भूगोलवाचक:
दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठण्याची क्षमता बेताची असते, पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे असते आणि तुटीच्या खोऱ्यांत उसासारखे पीक झेपणारे नसते, यांपैकी काहीही आपल्याला आता नव्याने शोधायचे राहिलेले नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळापासून कार्यरत आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये खोरेनिहाय तपशिलासह अहवाल दिला आणि तुटीच्या भागांतील उसाबद्दल स्पष्ट इशाराही दिला. तरीही एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि ज्या मांजरा खोऱ्यात ही वेळ आली तेथे साखर कारखान्यांची वाण नव्हती. माहिती होती, माणसे होती, अहवालही होते. मग घोडे नेमके कुठे अडते? ‘लोकजागृती कमी पडते’ हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही, म्हणून हा प्रश्न येथे विचारीत आहे.

कातळपाणी:
आपल्याला ते उत्तर पटत नाही, हे योग्यच आहे. ज्या गावात आठशे फुटांवरही बोअर कोरडे जाते, त्या गावातील शेतकऱ्याला भूजल खालावले आहे हे व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही. अडचण अशी की, त्याने आपला उपसा थांबवला तरी पाणी त्याच्या बांधाच्या आत थांबत नाही. शेजाऱ्याचे बोअर ते ओढून घेते. म्हणजे जो आधी शहाणपणाने वागेल तोच आधी तोट्यात जाईल. शिवाय इंग्रजांच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाने हवे तेवढे उपसावे, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. राज्याने १९९३ मध्ये सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले आणि पुढे २००९ चा भूजल अधिनियमही केला. पण रात्रीत बोअर घेणारी गाडी शिवारात आली तर तिला अडवायचे कोणी? तलाठ्याने, ग्रामसेवकाने की सरपंचाने? सरपंचाला त्याच घरांतून मते मागायची असतात. हे ज्ञान एकट्याने अमलात आणण्याजोगे नाही, ते सगळ्यांना एकाच वेळी बांधून घेणाऱ्या नियमाच्या रूपानेच उपयोगी पडते, आणि तसा नियम पाळून घेणारी यंत्रणा आपण कधी उभीच केली नाही.

नायगावकर:
वरील मताला जोड म्हणून पुरंदर तालुक्यातील नायगावचे उदाहरण देतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे ‘पाणी पंचायत’ सुरू केली. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत: पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर, माणशी अर्धा एकर भिजेल या प्रमाणात, भूमिहीनालाही हक्क, पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही, आणि ऊस घ्यायचा नाही. उपसा योजनेच्या खर्चाचा २० टक्के भाग लाभार्थ्यांनी स्वतः उभा करायचा. हे नियम अनेक गावांत यशस्वी झाले, तरी राज्याचे धोरण झाले नाहीत, कारण अधिक जमीन असणाऱ्याला त्यात अधिक पाणी मिळत नाही आणि गावपातळीपासून विधिमंडळापर्यंत निर्णय घेणाऱ्यांत अधिक जमीन असणारेच अधिक असतात. सरकारने त्यांतून जे उचलले ते बांधबंधाऱ्यांचे काम उचलले. वाटपाचा भाग मात्र मागेच राहिला. बंधाऱ्याचे उद्‌घाटन करता येते, फोटो काढता येतो. उपसा कमी केल्याचा फोटो निघत नाही. राज्य सरकारच्या ‘जलयुक्त शिवार’ योजनेत नाल्यांचे खोलीकरण जोरात झाले, त्यामागेही मला हेच दिसते.

पाण्याच्या नियोजनासाठी नावाजलेल्या हिवरे बाजार या गावाबद्दल आपण सारे बोलतो, परंतु तेथील खरे काम पाऊस संपल्यावर सुरू होते. गाव दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पाऊस कमी झाला असेल तर कोणती पिके घ्यायची नाहीत हे ग्रामसभेत ठरवते. शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आहे. भेट देणारे बहुधा चर आणि झाडे पाहून परततात.

शिवारनोंद:
दोन्ही उत्तरे मान्य असली तरी ऊस घेणाऱ्यावर सगळा दोष येऊ नये, एवढ्यासाठी लिहितो. उसाला रास्त आणि किफायतशीर दर कायद्याने ठरलेला असतो, घेणारा कारखाना ठरलेला असतो, तोडणीही बहुतेक कारखानाच करवून घेतो. बिल चौदा दिवसांत मिळावे असा नियम आहे. ते रखडते हे खरे, पण बुडण्याची भीती बाजारापेक्षा कमी असते. आता तुरीकडे पाहा. २०१६-१७ च्या हंगामात कमी पाण्याचे पीक म्हणून शेतकऱ्यांनी तूर मोठ्या प्रमाणावर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि बोनससह ५,०५० रुपये हमीभाव असताना बाजारातील भाव त्याखाली कोसळले. एप्रिल २०१७ मध्ये सरकारी खरेदी थांबली तेव्हा केंद्रांबाहेर गाड्या उभ्या होत्या. पुढच्या वर्षी त्या शेतकऱ्याला आपण कोणत्या तोंडाने ऊस सोडायला सांगणार?

ठिबकचेही असेच आहे. ठिबकने एकरी पाणी वाचते, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस उभा राहिला तर खोऱ्याला काहीच मिळत नाही.

भूगोलवाचक:
आपणा सर्वांचे आभार. तुरीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आता प्रश्न असा उरतो, की हमीभावाची खात्रीशीर खरेदी आणि पिकांवरील बंधन या दोन गोष्टी एकत्र आणायच्या, तर आधी कोणती?

कातळपाणी:
आधी खरेदी. खरेदीची हमी नसताना घातलेले बंधन कागदावरच राहील, आणि ते मोडणाऱ्याला गावही नावे ठेवणार नाही. मात्र खरेदी लाभक्षेत्राच्या किंवा पाणलोटाच्या हिशेबाने व्हावी: ज्या गावाने ताळेबंद मांडून त्यानुसार पीक घेतले, त्या गावाची तूर, हरभरा आणि ज्वारी आधी उचलायची. असे केल्यास शेजारचे बोअर रोखण्यात प्रत्येक घराचा स्वतःचा फायदा निर्माण होतो, आणि सरपंचाला ते काम एकट्याने करावे लागत नाही.