भावना अनावर झाल्या की लिहायचं, म्हणजे नेमकं काय लिहायचं?

कोरी_पाटी: राग किंवा रडू आलं की मला काही म्हणजे काही सुचत नाही. समुपदेशकांनी लिहायला सांगितलंय. बसते, पण तेच तेच उगाळलं जातं आणि उठताना आणखीच बिनसलेलं असतं. तुम्ही कसं लिहिता? कृतज्ञता डायरी सुचवू नका प्लीज, डोकं फिरलेलं असताना तीन चांगल्या गोष्टी आठवत नाहीत मला!

रातकिडा: लिहून उठल्यावर लगेच हलकं वाटेलच असं नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं आपल्या क्लेशदायक अनुभवांवर लिहिलं. तेव्हा त्यांचाही मूड खालावलाच. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. म्हणून टायमर लावा. वाजला की वाक्य अर्धवट राहिलं तरी वही बंद.

उगाळण्याचं म्हणाल, तर ‘ती अशी का वागली’ला अंत नसतो. मी ‘कारण’वर येते. परवाचं माझंच पान:

‘सगळे मला गृहीत धरतात.’
खाली: ‘सगळे नाही, फक्त ताई. फोनवर माझं बोलणं तोडलं तेव्हा. राग नाही, अपमान वाटला, कारण पाहुण्यांसमोर झालं.’

एवढं लिहिल्यावर ताईशी काय बोलायचं ते तरी कळलं. (बोलले नाहीये अजून, ते सोडा.)

उंटावरचा_शहाणा: मी स्वतःबद्दल ‘तो’ म्हणून लिहितो. ‘तो आज बॉसवर भडकला.’ वेडेपणा वाटेल, पण जरा लांबून बघता येतं. मात्र ऐन भडक्यात लिहू नका. आधी चालून या, पाणी प्या, हात थरथरायचे थांबू द्या.

सावली: थोडं वेगळं मत. लिहिणं सगळ्यांना मानवतंच असं नाही. एखादा विषय काढला की तोल सुटत असेल, तर तो वहीत नको, समुपदेशकांसमोरच काढा. आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत विचार गेले, तर लिहीत बसू नका, लगेच कुणाला तरी फोन करा.

कोरी_पाटी: टायमर आणि ‘कारण’ आजच करून बघते. पण घरात वही कुणाच्या हाती लागली तर?

रातकिडा: सुट्या कागदावर लिहा आणि फाडून टाका. जपून ठेवलंच पाहिजे असं थोडीच आहे?