रेट पाडू की धरून ठेवू? अंबडमधल्या जॉब वर्कला गेम थिअरी लागू पडते का

अंबडवाला_टर्निंग
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) युनिट आहे, तीन टर्निंग मशीन. एका कंपनीच्या बुशचं (धातूच्या छोट्या नळीसारख्या पार्टचं) काम चार वर्षांपासून करतोय, माल त्यांचा, आपलं फक्त मशीनिंग. महिन्याला १०,००० पीस निघतात, अर्धे मला, अर्धे पलीकडच्या गल्लीतल्या एकाला, दोघांचाही रेट ४२ रुपये. मागच्या आठवड्यात कंपनीचा पर्चेसवाला म्हणाला की तो पलीकडचा ३६ ला तयार आहे, तुमचं बोला, नाहीतर सगळं काम तिकडे जाईल. मला पीसमागे इन्सर्ट (कापायचं टोक), लाइट, ऑपरेटर धरून २९ खर्च येतो.
पुतण्या एमबीए करतोय, तो म्हणे काका ही तर गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करेल ते धरून आपण काय करायचं याचं गणित, आणि वहीत चार चौकोनच काढून दिले. दोघं ४२ वर राहिलो तर प्रत्येकी ६५,००० सुटतात. मी एकटा ३६ ला गेलो तर सगळे पीस माझे, म्हणजे ७०,०००. तो एकटा गेला तर मला शून्य. दोघं गेलो तर ३५,००० - ३५,०००. म्हणजे त्याने काहीही केलं तरी मला ३६ च परवडतं, त्यालाही तसंच, आणि शेवटी दोघंही निम्म्यावर येणार. मशीनचा हप्ता चालू आहे हो, झोप लागत नाही. हे खरंच धंद्यात वापरतात का, आणि सोमवारी मी काय सांगू?

गंगापूररोड_मॅडम
दादा, पुतण्याने मांडलंय ते बरोबर आहे, याला कैद्यांचा पेच म्हणतात. १९५० मध्ये फ्लड आणि ड्रेशर या दोघांनी हा खेळ मांडला आणि टकर यांनी त्याला दोन वेगवेगळ्या कोठड्यांतल्या कैद्यांची गोष्ट जोडली, दोघं गप्प राहिले तर दोघांचं भलं, पण प्रत्येकाला कबूल होऊन एकट्याने सुटायचा मोह. पण ती गोष्ट एकदाच खेळायच्या खेळाची आहे, तुमचं काम तर दर महिन्याला आहे ना! तुम्ही आज ३६ केलं तर या महिन्यात ६५ चे ७० होतील, ५,००० जास्त. पुढच्या महिन्यात तोही ३६ करणार आणि तिथून पुढे दर महिन्याला ३०,००० कमी. ५,००० साठी हे करायचं का ते तुम्हीच बघा.
रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास हाच खेळ परत परत खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची स्पर्धा घेतली होती, त्यात अनातोल रापोपोर्ट यांचा सगळ्यात साधा प्रोग्रॅम जिंकला, आपल्या भाषेत जशास तसं. आपण होऊन पहिला घाव घालायचा नाही, समोरच्याने घातला तर लगेच उत्तर द्यायचं, तो सुधारला की आपणही विसरून जायचं.

सिडको_भाऊ
एवढं कशाला करता, त्याला चहाला बोलवा आणि ४२ च्या खाली कोणी जायचं नाही असं ठरवून टाका, विषय संपला

गंगापूररोड_मॅडम
भाऊ हे अजिबात नको. स्पर्धकांनी मिळून भाव ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये येतं. संगनमत चाललं त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. लेखी नव्हतं, नुसतं तोंडी ठरलं होतं म्हणूनही सुटका नाही. आपला रेट आपण एकट्याने ठरवून धरून ठेवला तर त्यात काही गैर नाही. पण फोन करून ठरवायचं नाही.

पर्चेस_सातपूर
मी पर्चेसमध्ये १२ वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो. त्या कैद्यांच्या गोष्टीत तिसरा माणूस असतो, दोघांना वेगळं बसवून "तो कबूल झालाय बरं का" म्हणणारा पोलीस. तुमच्या गोष्टीत तो कोण हे ओळखा. समोरचा ३६ ला तयार आहे हे तुम्हाला पर्चेसवाल्याने सांगितलं, कोटेशन तुम्ही बघितलं नाही. कदाचित तो ३६ म्हणालाही असेल पण दुप्पट क्वांटिटीवर, कदाचित काहीच म्हणाला नसेल. आणि मॅडमचं जशास तसं इथेच फसतं, कारण ऐकीव गोष्टीवर एकाने उत्तर दिलं की दुसऱ्याला तो पहिला घाव वाटतो आणि मग दोघंही थांबत नाहीत. हे मी टेबलाच्या पलीकडून बघितलंय, दोन चांगली युनिट याच्यात बंद पडली, आजही वाईट वाटतं.
दुसरं. तुमचे चार चौकोन एका गोष्टीवर उभे आहेत, की तो एकटा १०,००० काढू शकतो. काढू शकतो का? सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, किती? लोड-अनलोड धरून ३ मिनिटं असेल तर तासाला २० पीस. दोन शिफ्टमधून सेटिंग, इन्सर्ट बदलणं, लाइट जाणं वगळून रोज खरे १२ तास मिळाले तर २५ दिवसांत ३०० तास, म्हणजे एका मशीनवर ६,०००. त्याचं या कामाला एकच मशीन मोकळं असेल तर तो ३६ ला गेला तरी कंपनीला उरलेले ४,००० तुमच्याकडूनच घ्यावे लागतील. ४,००० गुणिले १३, ५२,००० झाले, तेही ४२ वर बसून. ३६ ला जाऊन ३५,०००. आणि त्याचे ६,००० गुणिले ७, ४२,०००, म्हणजे ६५ सोडून तो तरी कशाला खाली जाईल? सगळा खेळच उलटतो बघा. लाइन थांबली तर कंपनीचं काय होतं ते मला माहीत आहे, त्यामुळे एकाच वेंडरवर कोणी सहजासहजी जात नाही.

पिंपळगाव_बाग
आमच्याकडे द्राक्षात हे चालत नाही. बागलाणात जुलै-ऑगस्टमध्येच छाटणी करतात, पाऊस आणि डावणी रोगाची जोखीम घेऊन लवकर माल आणतात आणि भाव घेतात, बाकी बहुतेक सगळे ऑक्टोबरला. एका साली लवकरच्याला भाव मिळाला की पुढच्या साली जास्त जण तिकडे वळतात. हजार जणांत कोणाला जशास तसं करणार, तिथे आपला खर्च आणि आपली जोखीम बघायची एवढंच हातात. तुमच्याकडे दोघंच आहेत, ते बरंय.

अंबडवाला_टर्निंग
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पर्चेसवाल्या दादांचे. सायकल टाइम मोजला, २ मिनिटं ५० सेकंद. समोरच्याकडे दोनच टर्निंग मशीन आहेत हे गल्लीत सगळ्यांना दिसतं, त्यातलं एक कायम दुसऱ्या कामात अडकलेलं. सोमवारी गेलो आणि सांगितलं, रेट ४२, महिन्याला ५,००० पीस तारखेला, लेखी देतो. त्याच्या रेटबद्दल एक शब्द काढला नाही. साहेब बराच वेळ मोबाइल बघत बसले, मग म्हणाले ४१ करा. केलं. सहा महिन्यांची ऑर्डर मेलवर आली, त्याचं पुढे काय झालं माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

गंगापूररोड_मॅडम
छान झालं! फक्त सहाव्या महिन्याची वाट बघू नका. शेवटची तारीख दोघांना पक्की माहीत असली की शेवटच्या फेरीत रेट राखून खेळण्यात फायदा उरत नाही, मग त्याच्या आधीच्या फेरीतही नाही, असं मागून उसवत येतं. चौथ्या महिन्यातच पुढच्या ऑर्डरचं बोलणं काढा.