आयजीजी पॉझिटिव्ह, तिसरा महिना आणि एचआयव्ही: बाळाला टॉक्सोप्लाझ्माचा धोका आहे का?

प्रश्न (अनामिक)
नाव लिहीत नाही, समजून घ्या. मला एचआयव्ही आहे. एआरटी (एचआयव्हीची औषधं) बरीच वर्षं चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातला विषाणू) सापडत नाही, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ४८०. तिसरा महिना संपत आलाय. टॉक्सोप्लाझ्माच्या (मांजराच्या विष्ठेतून, कच्च्या मांसातून पसरणारा परजीवी) तपासणीत आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह आलं. डॉक्टर "काळजीचं काही नाही" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. इकडे सासूबाईंनी रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' वाचलं आणि मांजर घालवून द्या असा धोशा लावलाय. एचआयव्हीचं फक्त नवऱ्याला माहीत आहे, त्यामुळे घरात धड बोलताही येत नाही.

उत्तर १
माझ्या वहिनीला टॉर्च टेस्टनंतर (गरोदरपणात अशा संसर्गांसाठी करतात ती रक्ततपासणी) लगेच स्पायरामायसिन दिलं होतं. तुम्हीही मागून घ्या, कशाला रिस्क?

उत्तर २ (एआरटी समुपदेशक)
ताई, असं औषध मागून घेऊ नका. स्पायरामायसिन गरोदरपणात नवी लागण झाल्यावर किंवा तसा दाट संशय असल्यावर देतात. तुमची लागण जुनी दिसतेय, कारण आयजीएम ही नव्या लागणीत दिसणारी प्रतिपिंडं नाहीत, आयजीजी ही नंतरही टिकणारी आहेत. हा परजीवी एकदा शिरला की मेंदूत आणि स्नायूंत गाठी करून पडून राहतो, प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. सीडी४ १००च्या खाली गेला तर तो पुन्हा उठू शकतो, मेंदूला सूज आणतो, आणि मग जुन्या लागणीतूनही बाळापर्यंत पोचू शकतो. ४८०ला ही शक्यता फारच कमी.

म्हणजे गोळ्या पोटात टिकून सीडी४ चांगला राहणं महत्त्वाचं, म्हणून मी मांजरापेक्षा उलट्यांची चौकशी आधी करेन. एआरटीची गोळी घेतल्यावर लगेच उलटी होत असेल तर आजच केंद्राला कळवा. आणि पुढचा सीडी४ थोडा कमी आला तर घाबरू नका. गरोदरपणात रक्त पातळ होतं, आकडा उतरतो. सीडी४ची टक्केवारीही विचारा.

मांजर राहू दे. विष्ठा दुसऱ्या कोणीतरी रोज काढावी, कारण त्यातले ऊसिस्ट (परजीवीची अंड्यासारखी रूपं) लागण करण्याजोगे व्हायला १ ते ५ दिवस लागतात. मांस पूर्ण शिजवा, मातीत हात घालताना हातमोजे घाला. सासूबाईंना "जुनी लागण आहे, मांजर चालेल" एवढंच सांगा. ते खरंही आहे, आणि त्यात एचआयव्हीचा विषय निघत नाही.

प्रश्नकर्ती
उलट्या होतात, पण सकाळी. गोळी रात्री घेते. एआरटी सुरू झाली तेव्हा सीडी४ खूप कमी होता म्हणून कोट्रायमॉक्झाझोल (संसर्ग टाळण्यासाठीचं अँटिबायोटिक) देत होते, नंतर बंद केलं. आता परत लागेल का?

उत्तर २ (एआरटी समुपदेशक)
निव्वळ या रिपोर्टवरून नाही. त्याची प्रत मात्र एआरटीच्या फाइलला लावा. उद्या सीडी४ घसरलाच तर ते औषध पुन्हा सुरू करायचं का हे ठरवताना आयजीजी पॉझिटिव्ह असल्याची नोंद उपयोगी पडते. मधल्या काळात ताप आणि न थांबणारी डोकेदुखी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलण्यात गोंधळ किंवा फिट, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उत्तर ३
मी याच अवस्थेतून गेलेय, आयजीजी पॉझिटिव्हसकट. बाळंतपणाची फाइल आणि एआरटीची फाइल दोन वेगळ्या डॉक्टरांकडे असतात, ते एकमेकांशी बोलतीलच असं नाही. मी दोन्हीकडचे रिपोर्ट एकाच पिशवीत नेत असे. नवऱ्याला सोबत न्या, "काळजीचं काही नाही" म्हणजे नेमकं काय ते तो विचारेल.

प्रश्नकर्ती
सोमवारी दोघं जातोय. विष्ठा काढायचं काम त्यालाच दिलंय, तोंड वाकडं केलं पण करतोय.