मदत हवी आहे : केळशी ते गुहागर पायी, ३८ लिटरची हलकी सॅक ठेवू की परत करू?

मंडळी, डिसेंबरात केळशीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागरपर्यंत चालत जायचं ठरतंय. आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ आणि तिथून फेरीबोटीने धोपावे. तंबू नाही, स्टोव्ह नाही. रात्री कुणाच्या तरी घरी जेवण आणि मुक्काम. एवढ्यासाठी जुनी अडीच किलोची सॅक कशाला, म्हणून ३८ लिटरची, ८५० ग्रॅमची हलकी सॅक मागवली. आत सळ्या नाहीत, चौकट नाही, पाठीला फक्त पातळ फोम. वर चेनऐवजी गुंडाळून बकल लावायचं तोंड. परत करायची मुदत या आठवड्यात संपते आहे, म्हणून घाईने विचारते.

लेबल न काढता घरामागच्या पाखाडीवर (पायऱ्यांची वाट), सड्यावर (कातळाचं पठार) आणि थोडी पुळणीवरही चालून पाहिली. (वाळूत कुठेही टेकवलेली नाही, परत घेणाऱ्याने काळजी करू नये!) सामान साडेपाच किलो, दोन लिटर पाणी म्हणजे आणखी दोन किलो, सॅकचं स्वतःचं वजन धरून साडेआठच्या आत.

आवडलं ते असं की पाखाडी उतरताना सॅक जराही हिंदकळत नाही, पाठीला चिकटून असते. पुढच्या जाळीच्या कप्प्यात ओला पंचा आणि चपला आरामात राहतात.

खटकलं ते जास्त महत्त्वाचं. कमरेचा पट्टा बरोबर लावला तरी थोड्या वेळात वर सरकून पोटावर येतो आणि मग सगळा भार खांद्यांवर. पाठ पूर्ण भिजते. बाजूच्या कप्प्यातली बाटली चालताना काढता येते, पण परत घालायला सॅक उतरवावीच लागते. शिवाय पॉवर बँकेचा कोपरा पाठीला टोचतो.

दुसरा पर्याय म्हणजे ताणलेली जाळी आणि ॲल्युमिनियमची चौकट असलेली, दीड किलोच्या वरची सॅक. पाठीला हवा लागते म्हणतात. पण पट्टा सरकतोय तो सॅकच्या दोषाने, मापाच्या दोषाने, की मी भरते त्या पद्धतीने? तेवढं कळलं तरी निर्णय होईल.

सड्यावरचा :

ताई, घाईने परत करू नका, आधी टेप घ्या. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो, तिथून खाली मोजायचं. कमरेवर हात ठेवा, अंगठे मागे. अंगठे कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकले की त्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीचं माप. उंचीवरून ते कळत नाही. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते.

मग सॅकवर, खांद्याचे पट्टे जिथे जोडलेत तिथपासून कमरपट्ट्याच्या मध्यापर्यंत मोजा. एकदा रिकामी, एकदा भरून. रिकामीच आखूड असेल तर ती तुमच्या मापाची नाही, सरळ परत करा. पण रिकामी ठीक आणि भरल्यावर आखूड झाली, तर दोष भरण्याचा. चौकट नसलेली सॅक सैल भरली की भाराने मधेच बसते, पाठ आखूड होते आणि पट्टा वर चढतो. ३८ लिटरमध्ये साडेपाच किलो सामान, म्हणजे निम्मी सॅक रिकामीच असणार.

अंजनवेलकर :

वरच्यांशी सहमत. कपडे छोट्या छोट्या थैल्यांत भरत असाल तर ते बंद करा, थैल्यांमधल्या फटीत सॅक वाकते. एकच मोठी जाड प्लास्टिकची पिशवी आत घाला, कपडे मोकळे कोंबा, कोपरे आपोआप भरतात. पाण्यापासूनही तीच वाचवते, शिवणीतून पाणी येतंच. योगाची मॅट सॅकच्या पाठीएवढी कापून आत लावा, पाठीला ताठपणा येईल, पॉवर बँक टोचणार नाही आणि जांभ्यावर बसायला आसन. जड वस्तू मधोमध, पाठीला लागून. बाजूचे पट्टे शेवटी आवळा.

खाडीपलीकडे :

जाळीवाल्या सॅकचं कौतुक दमट हवेत जरा जपूनच करा. घाम वाळला तर गारवा लागतो आणि दुपारी आपल्याकडे तो वाळतो कुठे? सकाळी मतलई वारा आहे तोवर फरक कळतो, नंतर दोन्हींत पाठ ओलीच. उलट जाळीमुळे ओझं पाठीपासून दोन बोटं मागे जातं आणि पाखाडी चढताना मागे खेचतं. भार दहा-बारा किलो असता तर मीही चौकटच सांगितली असती. साडेआठला गरज नाही.

पुळणीवर आणखी एक बघा. किनारा उतरता असतो, तासभर एकाच दिशेने चाललात की समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि कमरपट्टा एकीकडे घासतो. तो त्रास सॅकच्या माथी मारू नका. ओहोटीला पाण्यालगतच्या घट्ट, सपाट वाळूवर चालून मग ठरवा. भरतीच्या वेळी भुसभुशीत वाळूत कुठलीच सॅक बरी वाटत नाही.

धागाकर्ती :

मोजलं. माझी पाठ १८ इंच. सॅक रिकामी १८, भरून १६! मॅट कापून लावली, थैल्या काढल्या, बाजूचे पट्टे आवळले, आता साडेसतरा. पट्टा हाडावर बसतोय आणि चढावरही जागचा हलला नाही. खांद्यांवर वळ नाहीत. सॅक ठेवतेय.

पाठ ओली व्हायची ती होतेच आहे. सुती कुडत्याऐवजी पटकन वाळणारा टी-शर्ट घालणार, दुसरा सॅकच्या बाहेर वाळत.

सड्यावरचा :

उत्तम. छातीचा पट्टा मात्र फार आवळू नका, श्वास अडतो. आणि परत आल्यावर सॅक गोड्या पाण्याने धुवा, बकलांतली वाळू काढा, सावलीत वाळवा. पावसाळ्यात पोटमाळ्यावर प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका. दमट हवेत आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होऊन सोलतो, मग ती सॅक गेलीच.

धागाकर्ती :

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. बाटलीचं तेवढं राहिलं. दर वेळी सॅक उतरवायची नसेल तर?

अंजनवेलकर :

अर्ध्या लिटरची बाटली खांद्याच्या पट्ट्याला दोन ठिकाणी इलॅस्टिकने बांधा, खालची गाठ घट्ट, वरची सैल. मोठी बाटली मागे राहू दे, गावात पोचलात की तिच्यातून छोटी भरायची. मात्र दुसऱ्या पट्ट्याला मोबाइलचं पाकीट लावा, नाहीतर एक खांदा ओढतो.