मदत हवी आहे: लिपिक पदाचा ऑनलाइन अर्ज आणि कंत्राटी पदासाठी बायोडाटा

अर्ज_बाकी

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारतो आहे. दोन जाहिराती आहेत आणि दोन्हींची मुदत याच महिन्यात संपते.

१) राज्य शासनाच्या एका विभागात लिपिक-टंकलेखक, नियमित पद. ऑनलाइन अर्ज, नंतर संगणकावर परीक्षा.
२) जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात डेटा एंट्री ऑपरेटर, कंत्राटी. छापील नमुन्यात अर्ज, सोबत बायोडाटा आणि छायाप्रती. दोन वर्षांचा अनुभव मागितला आहे.

तिची माहिती: बी.कॉम., ५९.६७ टक्के, अंतिम गुणपत्रिकेवर १८ जुलै २०१९ ही तारीख. एमएस-सीआयटी झाले आहे. इंग्रजी टंकलेखन ४० आहे, मराठीचे नाही. १ जुलै २०१९ ते ३१ मार्च २०२२ खासगी फर्ममध्ये हिशेबाचे काम, पण अनुभवाचे पत्र घेतलेले नाही. त्यानंतर लग्न, नाव बदलले, नोकरी नाही. ओबीसी जात प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आहे. नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चला संपले.

सायबर कॅफेवाल्याने चार पानी रंगीत रेझ्युमे करून दिला आहे. तो दोन्हीकडे चालेल का? गॅप कसा दाखवायचा? आगाऊ धन्यवाद.

आवक_जावक

रेझ्युमे दोन्हीकडे चालणार नाही, पण दोन्हीकडची कारणे वेगळी आहेत.

लिपिक पदाला रेझ्युमे मागतच नाहीत. तिथे ऑनलाइन अर्जात भरलेला एकेक रकाना म्हणजे तिने केलेला दावा. परीक्षेत गुण मिळाले की कागदपत्र पडताळणीला तेच रकाने एकेक करून मूळ कागदाशी ताडून पाहतात. चांगले गुण मिळवून बाद होणारे बहुतेक उमेदवार इथेच बाद होतात. शुल्क भरल्यावर साधारणपणे अर्जात दुरुस्ती होत नाही, म्हणून 'सबमिट' दाबण्यापूर्वी सगळे कागद समोर हवेत. "नंतर काढू" म्हणून काही भरू नका.

आधी जाहिरातीतली अर्हतेची ओळ शब्दशः वाचा. लिपिक-टंकलेखकासाठी सहसा 'मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट' असते. काही पदांना मात्र मराठी ३० सक्तीचे असते. 'किंवा' असेल तर तिचे इंग्रजी प्रमाणपत्र पुरेल. 'आणि' असेल किंवा फक्त मराठी मागितले असेल तर शुल्क वाया जाईल.

नॉन-क्रिमीलेअर हा तुमचा खरा अडथळा आहे. प्रमाणपत्रावर 'अमुक ३१ मार्चपर्यंत वैध' असे छापलेले असते. जाहिरातीत कोणत्या तारखेला ते वैध हवे ते दिलेले असते, बहुधा अर्ज स्वीकारण्याचा शेवटचा दिवस. आजच आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून नवीन प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडले तर ते तीन वर्षांसाठी मिळू शकते. फक्त एका वर्षाचे जोडले की पुढच्या मार्चमध्ये पुन्हा रांग.

आणि इथे हमखास होणारी चूक: विवाहित मुलीच्या नॉन-क्रिमीलेअरसाठी आई-वडिलांचे उत्पन्न पाहतात, नवऱ्याचे नाही. सासरच्या उत्पन्नाचा दाखला जोडून काढलेले प्रमाणपत्र पडताळणीत अडकते. जातही वडिलांकडूनच येते, त्यामुळे जात प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आहे ते बरोबरच आहे. ते बदलायला जाऊ नका.

मुदतीत प्रमाणपत्र हातात येणार नसेल तर खुल्या प्रवर्गातून भरण्याचा विचार करा. वयाची मर्यादा तेव्हा सहसा ४३ ऐवजी ३८ धरतात आणि शुल्कही खुल्याचे लागते. महिला आरक्षणाचा रकाना वेगळा असतो, तोही भरा. अर्जात न मागितलेले आरक्षण नंतर मिळत नाही.

मूळप्रत

वरच्या प्रतिसादाशी सहमत. नावाबद्दल भर घालतो.

अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच, त्याच क्रमाने. आडनाव आधी असेल तर आधी. नाव बदलले आहे का या प्रश्नाला 'होय' आणि पुढच्या रकान्यात लग्नानंतरचे नाव. पुराव्याला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत. लग्नपत्रिका पुरावा म्हणून चालत नाही, तरी लोक नेतात.

परीक्षेच्या दिवशीची अडचण वेगळी असते. प्रवेशपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि छायाप्रत दोन्ही सोबत ठेवायची. शिधापत्रिका ओळखपत्र म्हणून सहसा चालत नाही, शिकाऊ वाहन परवानाही नाही.

लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन (नमुना-अ) तिला स्वतःच्या सहीने द्यावे लागेल. २८ मार्च २००६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर जात असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. मूल नसले तरी हा कागद लागतोच, तिथे 'शून्य' लिहायचे. रकाना कोरा ठेवायचा नाही.

कळफलक४०

फोटो आणि सही याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. परीक्षा आयबीपीएस घेणार असेल तर नेहमीची मापे अशी असतात: फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० × २४० पिक्सेल, २० ते ५० केबी. हस्तलिखित घोषणापत्र ८०० × ४०० पिक्सेल, ५० ते १०० केबी. दुसरी संस्था असेल तर तिच्या सूचना पाहा, ही मापे डोळे झाकून वापरू नका.

सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही स्वीकारत नाहीत. घोषणापत्र उमेदवाराच्याच अक्षरात हवे, भावाने लिहून दिलेले नको (हे मुद्दाम लिहिले). मोबाइलने काढताना कागदावर हाताची सावली पडते आणि मग केबीत बसवण्यासाठी दाबलेली सही पुसट होते. खिडकीजवळ, दिवसा काढा. आधी कडा कापा, मग आकार कमी करा. उलट क्रमाने केले की अक्षरे फुटतात.

टिपणी

आता कंत्राटी पद. तिथे बायोडाटा वाचतात, पण कसा ते समजून घ्या. छाननी करणाऱ्यासमोर एक तक्ता असतो: अर्हतेचे गुण, जादा अर्हता, अनुभव. तुमच्या अर्जातून आकडे उचलून तो त्यात भरतो. आकडा सापडला नाही किंवा त्यामागे कागद नाही, तर गुणही नाहीत. म्हणून बायोडाटा म्हणजे जोडलेल्या कागदांची अनुक्रमणिका असे समजून लिहा. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'पान क्र. ४' असा उल्लेख करा आणि छायाप्रतींवर उजव्या कोपऱ्यात तेच क्रमांक टाका.

चार पाने नकोत. दोन पुरतात, पांढऱ्या कागदावर काळी अक्षरे. रंगीत पट्ट्या आणि 'एक्सेल: पाचपैकी चार तारे' असली चित्रे काढून टाका. झेरॉक्समध्ये तारे काळे ठिपके होतात, आणि चार तारे म्हणजे किती येते हे कोणालाच कळत नाही. 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' काढा. छंदही काढा.

टक्केवारी ५९.६७ आहे तर ५९.६७ च लिहा. '६० टक्के' लिहिले की ती खोटी माहिती ठरते, आणि ०.३३ साठी कोणी अर्ज गमावू नये.

कामाच्या ओळी अशा बदला. आत्ता बहुधा असे असेल: 'हिशेबाची सर्व कामे पाहिली, संगणकाचे उत्तम ज्ञान.' त्याऐवजी, खरे असेल तेवढेच:

'टॅलीत खरेदी-विक्रीच्या पावत्यांची नोंद, दररोज सुमारे ८० ते १००. महिनाअखेर बँक ताळमेळ. जीएसटी विवरणपत्रासाठी एक्सेलमध्ये तक्ते (व्हीलुकअप, पिव्होट टेबल). इंग्रजी टंकलेखन ४० श.प्र.मि., शासकीय प्रमाणपत्र, पान क्र. ६.'

पद डेटा एंट्रीचे आहे, तेव्हा नोंदींची संख्या आणि टंकलेखनाचा वेग वर, बाकी खाली. मराठी युनिकोडमध्ये टाइप करता येत असेल तर कोणत्या कळफलकावर, इन्स्क्रिप्ट की रेमिंग्टन, तेही लिहा. प्रमाणपत्र नसेल तर मात्र 'मराठी ३०' असा वेग लिहू नका, 'युनिकोडमध्ये मराठी टंकन येते' एवढेच. मुलाखतीच्या दिवशी संगणकासमोर बसवू शकतात.

अर्ज_बाकी

सर्वांचे आभार. नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज आज वडिलांच्या उत्पन्नावर भरतो. (नवऱ्याचा दाखला काढूनही झाला होता!) दोन शंका राहिल्या. अनुभवाचे पत्र नाही, फर्म अजून चालू आहे. आणि २०२२ नंतरचा गॅप?

आवक_जावक

फर्म चालू आहे हे उत्तम. मालकांना पत्राचा मसुदा तुम्हीच तयार करून द्या, म्हणजे हवे ते सगळे त्यात येईल: लेटरहेड, जावक क्रमांक व दिनांक, तिचे पूर्ण नाव (त्या वेळचे माहेरचे, आणि 'विवाहोत्तर नाव अमुक'), पदनाम, रुजू आणि सोडल्याचा पूर्ण दिनांक, पूर्णवेळ की अर्धवेळ, कामाचे स्वरूप दोन ओळींत, सही, सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा, शिक्का. 'सुमारे तीन वर्षे काम केले' असे मोघम पत्र बाद होते. नुसता नियुक्ती आदेशही पुरत नाही, कारण त्यावरून कधी सोडले ते कळत नाही.

भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर ईपीएफओच्या नोंदीतल्या रुजू-सोडल्याच्या तारखा आधी पाहा. पत्रात आणि तिथे फरक असेल तर खरी तारीख कोणती ते फर्मकडूनच स्पष्ट करून घ्या. पगाराच्या नोंदी असलेला बँक उतारा पूरक म्हणून जोडा, पत्राची जागा तो घेत नाही.

अनुभव मोजताना एक बारीक गोष्ट. बहुतेक ठिकाणी अर्हता मिळाल्यानंतरचाच अनुभव धरतात. ती १ जुलैला रुजू झाली, गुणपत्रिका १८ जुलैची. म्हणजे धरला जाणारा काळ १८/०७/२०१९ ते ३१/०३/२०२२: २ वर्षे ८ महिने १४ दिवस. पत्रात खरी तारीख १ जुलैच राहू द्या, पण अर्जाच्या 'एकूण अनुभव' रकान्यात '३ वर्षे' लिहू नका. दोन वर्षांची अट तशीही पूर्ण होते. खासगी अनुभव ग्राह्य आहे की फक्त शासकीय-निमशासकीय, हे मात्र जाहिरातीत तपासा.

गॅपसाठी शासकीय नमुन्यात रकाना नसतो. मागितलेले नाही तर लिहू नका, प्रतिज्ञापत्रही करू नका. फक्त तारखा ओढून तो बुजवू नका. मुलाखतीत विचारले तर 'कौटुंबिक कारणाने नोकरी केली नाही' एवढे एका वाक्यात सांगितले की पुरते.

टिपणी

गॅपबद्दल थोडा वेगळा विचार. त्या काळात टॅली, जीएसटी किंवा टंकलेखनाचा एखादा कोर्स झाला असेल तर त्याची तारीख बायोडाटात जरूर येऊ दे, जादा अर्हतेत गुण मिळण्याची शक्यता असते. झालाच नसेल तर आवक_जावक म्हणतात तेच बरोबर.

मूळप्रत

पोस्टाने पाठवणार असाल तर: पाकिटावर पदनाम आणि जाहिरात क्रमांक ठळक लिहा. डिमांड ड्राफ्ट मागितला असेल तर तो जाहिरातीत लिहिलेल्या नावानेच, स्पेलिंगसकट. ड्राफ्टच्या मागे पेन्सिलने तिचे नाव आणि पद. प्रत्येक छायाप्रतीवर स्वतःची सही, नाव, दिनांक. अर्जावरची सही राहून जाणे ही सगळ्यात स्वस्त चूक आणि तिच्यामुळे अर्ज थेट बाद होतो.

टपालातला उशीर कार्यालय गृहीत धरत नाही. मुदतीला पाचपेक्षा कमी दिवस उरले असतील आणि जाहिरातीत समक्ष अर्ज देण्याची सोय असेल, तर पोस्टाच्या भरवशावर राहू नका. स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारखेसह, मारून घ्या.

अर्ज_बाकी

कार्यालय २२ किलोमीटरवर आहे आणि मुदतीला चार दिवस. फर्मचे पत्र परवा मिळेल. समक्षच देतो.